सुशीलाबाईंचे पऱ्हे

कुही तालुक्यातल्या एका धानाच्या शेताला मी ‘पीक नाही’ असा शेरा दिला. पीक होतं. त्या दिवशी ते शेजाऱ्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात होतं, एवढंच.

मी कृषी खात्यातला, पण वर्ध्याकडच्या कापसातला माणूस. कुहीला बदली होऊन दोनच महिने झाले होते. सरकारी केंद्रावर हमीभावाने धान विकायचं तर सातबाऱ्यावर धानाची नोंद लागते. काही व्यापारी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपला माल खपवतात, म्हणून साहेबांनी बजावलं होतं, “डोळ्यांत तेल घालून पाहा.” मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी उलटीसुलटी करून पाहतो. तेल जरा जास्तच घातलं.

पावसाळ्यात पीकपाहणीला गेलो, तर सुशीलाबाईंच्या दोन एकरांत नुसता चिखल.

“धान कुठं आहे?”

“देवरावभाऊच्या बांधीत. त्याहीच्याकडं बोअर हाये ना, आम्ही तिघं तिथंच पऱ्हे टाकतो. रोवणीच्या बाया सोमवारी येऊन राहिल्या.”

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती उपटून मग आपापल्या बांधीत रोवतात. पुस्तकातून मला हे ठाऊक होतं. तिघांचे पऱ्हे एकत्र, हे पुस्तकात नव्हतं.

देवरावला विचारलं, “यातले बाईंचे किती?”

“त्या काडीपासून इकडचे.”

“लिखापढी?”

“पऱ्ह्याची काहून लिखापढी करतेत, साहेब?”

मी मनाशी हसलो. एक हिरवा तुकडा, तीन मालक, पुरावा म्हणून काडी! शेरा मारला. चहासुद्धा घेतला नाही, लाच नको म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर सुशीलाबाई ऑफिसात आल्या. माझ्या शेऱ्यामुळे केंद्राने त्यांची नोंदणी नाकारली होती. चार दिवसांत नोंदणीची मुदत संपणार. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

“धान कापाले आलं साहेब, अन् तुम्ही म्हणता नाहीच.”

मला अजूनही डाव वाटला. त्याच दुपारी शेतात गेलो. कमरेएवढं धान, लोंब्या वाकलेल्या. तरी मी खाली बसून एक बुंधा ओढून पाहिला. पक्का रुजलेला होता.

“सारंच उपटून पाहा ना,” बाई म्हणाल्या.

साहेबांना चूक लेखी कळवली.

“शेजाऱ्याला विचारलं नव्हतं?”

“विचारलं होतं, सर.”

“मग?”

“विश्वास ठेवला नाही.”

त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुरुस्तीच्या पत्रावर सही केली. ते पत्र घेऊन तहसीलमध्ये मीच टेबलाटेबलाला फिरलो. तिथला क्लार्क पत्र उजेडात धरून सही खरी आहे का ते पाहत होता. मला राग आला, पण कोणत्या तोंडाने बोलणार? शेवटच्या दिवशी नोंद लागली. कापणी-मळणी होऊन धान केंद्रावर गेलं.

फॉर्मवर एका शेताला एकच रकाना असतो. पऱ्ह्यांना हे कुणी कळवलेलं नाही. केंद्रावर काट्यापाशी देवराव भेटला, त्याला मी हे शहाणपण ऐकवलं. तो पोत्यावरून उठलासुद्धा नाही.

“चोर मंग पकडजा, साहेब. आधी धान वळखाले शिका.”