ऑपरेटरबाईंची काठी

मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाला लागून, खिडकी नसलेली टेलिफोन बोर्डाची एक खोली होती. त्या खोलीत ऑपरेटरबाईंनी एकतीस वर्षं काढली. कुणाची आई अतिदक्षता विभागात असायची, कुणाला मुलगी झालेली असायची, कुणाला नुसतंच भेटायची वेळ हवी असायची. बाई सगळ्यांना एकाच सुरात म्हणायच्या, "थांबा हं, जोडते." आणि जोडून झालं की त्या बोलण्यात त्यांचं काही काम उरायचं नाही. आठ तास कानात माणसं घेऊन त्या घरी यायच्या तेव्हा शेजारच्या घरातलं बोलणंसुद्धा अंगावर यायचं.

लग्नाचं आधी जमलं नाही, आणि नंतर बाईंनीही जमवून घेतलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. चाळिशीच्या सुमारास एकदा बसमधून जाताना त्यांना गावाबाहेरच्या जुन्या तलावाच्या दगडी भिंतीवर एक माणूस गळ टाकून बसलेला दिसला. येताना पाहिलं, तर तोच माणूस तिथेच, तसाच, हूं की चूं न करता बसलेला. बाईंना वाटलं, हे आपल्याला हवंय. त्याच आठवड्यात त्यांनी गळाची काठी घेतली. गाठी मारायला, रीळ भरायला, आमिष लावायला त्या हळूहळू आपल्या आपणच शिकल्या. पहिले चार महिने एक मासा लागला नाही आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

धाकटा भाऊ हसायचा. "ताई, बाजारात साफ करून मिळतात मासे," तो म्हणायचा. बाई म्हणायच्या, "मला कुठे मासे हवेत?"

अठरा वर्षं अशी गेली. मग हॉस्पिटलातला बोर्ड निघाला, त्या जागी अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा असं सांगणारा आवाज आला, आणि बाई निवृत्त झाल्या. दीड वर्षाने एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातला कप गळून पडला आणि उचलायला त्या वाकल्या त्या तिथेच कलंडल्या. भावाने वेळेत दवाखान्यात नेलं. वाचा शाबूत राहिली. पाय तीन महिन्यांत बराचसा परत आला. हात मात्र अर्धाच आला. बोटं मिटायची, पण मिटलेली बोटं काही धरून ठेवायची नाहीत.

डॉक्टर म्हणाले, छान सुधारणा आहे. भाऊ म्हणाला, देवाने थोडक्यात सोडवलं. भावजय पहिला महिनाभर रोज येऊन बसली, मग एक दिवसाआड, मग फोनवर. तिचंही घर होतं, तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण बाईंच्या लक्षात आलं, की घरातली जी शांतता आपण इतकी वर्षं जिवापाड जपली ती आता निराळीच झाली आहे. आधी ती आपण होऊन घेतलेली होती. आता ती येऊन बसली होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती.

पाचव्या महिन्यात बाई कुणाला न सांगता तलावावर गेल्या. डाव्या हाताने गळ कसाबसा फेकला, काठी उजव्या हातात धरली. अर्ध्या तासात दोरीला हिसका बसला. चांगला मोठा मासा असावा. वीस वर्षांची काठी हातातून सरळ निघाली, भिंतीवर एकदा आपटली आणि पाण्यात गेली. थोडं अंतर मूठ पाण्यावर तरंगत जाताना दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. आसपास कुणी नव्हतं. बाई तासभर तिथेच बसून राहिल्या, मग बस पकडून घरी आल्या. भावाने दोन दिवसांनी विचारलं, काय करत असतेस दिवसभर? त्या म्हणाल्या, काही नाही.

आठवड्याने त्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तिथली सगळ्यात हलकी काठी पुढे केली. लाल रंगाची होती, मुठीवर हसरा मासा छापलेला. "नातवाला आवडेल," तो म्हणाला. बाईंनी आपला हात त्याला दाखवला. तो बिचारा ओशाळला आणि म्हणाला, अशा हातासाठी तयार काठी नसते, कुणाकडून तरी बनवून घ्यावी लागेल. कुणाकडून, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने एका रीळ दुरुस्त करणाऱ्याचा नंबर दिला.

इथून बाईंच्या अंगात जुनं काम संचारलं. त्यांनी वही घेतली आणि फोनजवळ खुर्ची ओढली. रीळवाल्याने एका निवृत्त पोस्टमनचं नाव सांगितलं. पोस्टमनने अर्धा तास आपण धरलेल्या माशांची लांबी सांगितली आणि शेवटी एका बिलियर्डच्या काठ्या बनवणाऱ्याकडे पाठवलं. तो फटकळ निघाला. "बाई, मी सरळ काठ्या करतो. वाकणाऱ्या करत नाही," तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं, की नदीकाठच्या एका गावात, बसने चार तासांवर, गळाच्या काठ्या करणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडून दांड्यांना लावायचं बूच एकदा मागवलं होतं. जिवंत असला तर.

तो जिवंत होता. फोन त्याच्या बहिणीने घेतला. "दादा फोनवर येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला सांगा, मी त्याला विचारते." बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडे रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, लांबून कानस चालल्याचा आवाज येत राहिला, मग तो थांबला. बहीण परत आली. "दादा विचारतोय, कुठलं बोट ऐकतं?"

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात समोर धरून पाहिला. इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, त्यांनी स्वतःही नाही. "करंगळी," त्या म्हणाल्या. "आणि थोडा अंगठा."

त्यानंतर दर गुरुवारी फोन होऊ लागला, आणि दादा विचारतोय म्हणत बहीण एकेक विचारी. मनगटाचा घेर किती? कोपरापासून तळव्यापर्यंत लांबी किती? बसून गळ टाकता की उभ्याने? किती वेळाने हात जड होतो? बाई टेपने मापं घेऊन सांगत. मधूनच एखादा वेगळा प्रश्न येई. तलावावर सोबत कुणी असतं का? सकाळी काही खाऊन निघता ना? जिना उतरताना कठड्याला धरता ना? बाईंना वाटे, किती बारकाईने काम करणारा माणूस आहे. बुधवारी संध्याकाळपासूनच त्या गुरुवारची वाट पाहू लागत, आणि आपण वाट पाहतोय हे ध्यानात आलं की उगाचच भांडी आवरायला घेत.

दोन महिन्यांनी काठी बसवून बघायला त्या गेल्या. कारागिराचं काम घराच्या मागच्या लांबट खोलीत चाले. भिंतीवर दांड्या आडव्या टांगलेल्या, खिडकीपाशी दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावलेली, सगळीकडे बुचाचा भुसा आणि व्हार्निशचा वास. कारागीर सत्तरीचा, लहानखुरा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा. त्याने मान हलवली, बसा म्हटलं, आणि बाईंचा हात सुताराने लाकूड बघावं तसा उलटसुलट करून पाहिला. बाईंनी प्रवासात ठरवून ठेवलेली दोनतीन वाक्यं बोलून पाहिली. त्याने हं केलं. त्याने काठीला वाळूची छोटी पिशवी बांधली आणि बाईंना ती उचलायला लावली, एकदा, दहादा, वीसदा, आणि त्यांचं कोपर कुठे हलतं ते खाली बसून पाहत राहिला.

काठी निराळीच होती. मूठ मागे कोपरापर्यंत लांबवलेली, तिथे हात टेकायला खोलगट आधार आणि मऊ चामड्याचा पट्टा. सगळा भार बाहूवर. बोटांना फक्त दिशा द्यायची, करंगळीसाठी बुचात एक खाच. दांडीवरच्या कड्या निळ्या दोऱ्याने बांधलेल्या, आणि दोऱ्याचा एक वेढासुद्धा दुसऱ्यावर चढलेला नाही. काठी बाईंच्या हाताला अशी बसली की त्यांना क्षणभर हाताचं दुखणं आठवलं नाही.

आणि तरी त्या म्हणाल्या, "पट्टा जरा आवळतोय."

त्याने मुकाट्याने पट्टा बदलला, त्याला तीन आठवडे लागले, तीन गुरुवार मिळाले. पुढच्या खेपेला बाई म्हणाल्या, मूठ किंचित जाड वाटते. त्याने बूच घासलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, की पुढून थोडी जड आहे. कारागिराने काठी एका बोटावर तोलून दाखवली. ती हललीसुद्धा नाही. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"बाई, काठीत आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही," तो म्हणाला. "घेऊन जा. पाण्यात घातल्याशिवाय तिचं काय बरंवाईट ते कळायचं नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण बाईंना भर वर्गात उभं केल्यासारखं झालं. काठी कापडात गुंडाळून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. निघताना त्या म्हणाल्या, तुम्ही फार विचारपूस केलीत, इतकं कुणी विचारत नाही. कारागीर गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. "मापं तर घ्यावीच लागतात," तो म्हणाला, आणि आपल्या कामाकडे वळला.

बहीण त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. मग बस येताना दिसली तशी घाईघाईने म्हणाली, "ताई, एक सांगते, रागावू नका. दादाचे प्रश्न आठदहाच होते. ते पहिल्या दोन फोनमध्येच संपले. बाकीचे मी विचारत होते. सोबत कोण असतं, खाता का, ते सगळं."

"का?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडे कुणाचा फोन येत नाही," ती म्हणाली. "आणि दादा तर तुम्ही पाहिलातच."

बस थांबली होती. कंडक्टर काठीकडे बघून म्हणाला, मावशी, हे लांबडं आडवं धरू नका. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि हात हलवावा तर उजव्या काखेत काठी आणि डाव्याने दांडा धरलेला. तेवढ्यात बस वळली.

चार तास त्या विचार करत बसल्या. आयुष्यभर आपण दोन माणसं जोडून बाजूला होत गेलो, आणि या वेळी मधलीच बाई आपल्याशी बोलत होती, हे एकतीस वर्षांच्या कानाला कसं ओळखू आलं नाही, याचं त्यांना राहून राहून आश्चर्य वाटत होतं. थोडा रागही आला. कारागिराविषयी मनात जे काही जमवलं होतं ते काढून ठेवायला त्यांना वेळ लागला. ते फारसं नव्हतं, पण बरेच दिवस घरात दुसरं काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी फोन केला नाही. आलाही नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका ढगाळ सकाळी त्या तलावावर गेल्या. पट्टा बांधला, डाव्या हाताने गळ फेकला. तो जाऊन जाऊन कितीसा लांब जाणार, पण पडला तिथे नीट पडला. दोन तास काही झालं नाही. मग हिसका आला. काठी वाकली, बाहूला ओढ बसली, खांद्यापर्यंत गेली, आणि काठी हातातच राहिली. बाईंनी डाव्या हाताने रीळ फिरवलं. मासा वीतभरच होता. त्यांनी तो भिंतीवर घेतला, गळ सोडवायलाच पाच मिनिटं गेली, आणि सगळं झाल्यावर हे कुणाला सांगावं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. मासा त्यांनी पाण्यात सोडून दिला.

घरी येऊन त्यांनी नदीकाठच्या गावी फोन लावला. बहिणीने उचलला.

"दादांना काही सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याशीच बोलायला केलाय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

पुढे सहा वर्षं ती काठी चालली. दोघींची भेट काही पुन्हा झाली नाही. बाईंना तेवढा प्रवास झेपेना आणि बहिणीला दादाला सोडून निघता येईना. गुरुवारी वीसेक मिनिटं बोलणं होई, कधी नुसत्या पावसापाण्याच्या गप्पा, कधी काहीच नाही, दोन्हीकडे रिसिव्हर कानाला लावलेला. बाकीचे सहा दिवस बाईंचे एकटीचेच होते. त्यांतले दोन त्या तलावावर काढत. उरलेले चार लांब असत, आणि ते तसेच काढावे लागत.