उंबराखालची वीस मिनिटं

माले गावच्या शाळेवर माझी नेमणूक झाली ती चोपन्न साली. मी पुण्यात वाढलेला, त्यात तोंडाचा फटकळ. पहिल्या महिन्यातच निम्म्या गावाशी माझी वादावादी झाली होती. कुशाबाशी मात्र भांडायची सोय नव्हती. शनिवारी दुपारी घरी पुण्याला जायचं तर पौडच्या एसटीपर्यंत पायपीट करा, नाहीतर कुशाबाच्या गाडीत बसा.

गाडी म्हणजे काळी मॉरिस. मूळची धरणावरच्या एका इंजिनिअर साहेबाची, आणि कुशाबा तिच्यावरचा ड्रायव्हर. साहेब एकोणपन्नास साली विलायतेला परत गेला, तेव्हा जाताना गाडी कुशाबालाच देऊन गेला. महिन्याभरात हिच्यात कोंबड्या अंडी घालतील, असं लोक म्हणाले होते. पण गाडी चालतच राहिली. लेकी सासरी गेल्या त्या तिच्यातून, बाळंतिणी माहेरी आल्या त्या तिच्यातून. मागच्या सीटवर कुशाबाच्या बायकोने, सारजाबाईने, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची खोळ शिवून घातली होती. दसऱ्याला बैलांच्या आधी गाडीला कुंकू लागायचं आणि यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

छप्पन्न साली मीटरचे पाचही आकडे नवावर आले. तेव्हा कुशाबाने मला शाळेतून बोलावून नेलं. उरलेला एक मैल त्याने गावाभोवती फेऱ्या मारून काढला आणि मारुतीच्या देवळापुढे सगळे आकडे शून्य झाले. त्याने गूळ-खोबरं वाटलं.

"शून्य झालं म्हणजे गाडी नवीच झाली म्हणायची," मी चेष्टेने म्हटलं.

"नवी कशापायी, गुरुजी? नव्या गाडीचा भरवसा काय? हिनं लाख मैल केल्यात, म्हून तर इस्वास हाय."

लाख मैल कसे झाले, तेही तो कुणालाही सांगे. पंचविसाच्या वर काटा न्यायचा नाही. तापलेल्या इंजिनाला घाई करायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम पिरंगुटच्या घाटातला. चढ निम्मा झाला की रस्त्याकडेच्या उंबराखाली गाडी उभी करायची, बॉनेट उघडायचं, थोडं पाणी घालायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. साहेब असल्यापासूनची ही पद्धत.

"साहेब तेवढा वेळ काय करायचा?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"थर्मासातला च्या प्यायचा. दोन कप. कप पुसला की म्हनायचा, चलो."

दर शनिवारी त्या उंबराखाली मी घड्याळ बघत धुसफुसत बसायचो. घरी आई ताट वाढून वाट बघत असायची आणि इथे हा गृहस्थ बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. "अहो, माणसं उपाशी मरतील," असं मी ओरडायचो. तो हसायचा. मागे सारजाबाई बसलेली असली तर तीही म्हणायची, "गार हूं द्या तिला. पोचवती ना शेवटाला?" पोचवायची हे खरंच होतं. सात वर्षांत गाडीने मला एकदाही वाटेत उतरवलं नाही.

एकसष्ट सालच्या कार्तिकातली गोष्ट. शनिवारच होता. सकाळची शाळा सोडून मी पिशवी घेऊन कुशाबाच्या अंगणात उभा होतो, तेवढ्यात शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. भाताची पेंढी उचलताना सारजाबाईच्या मनगटाला नाग चावला होता. चार बायकांनी तिला धरून आणलं. कुणी देवऋष्याला बोलवा म्हणालं, कुणी देवळात ठेवा म्हणालं. कुशाबाचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"देवऋषी नको न् काय नको! सरका बाजूला. पुन्याला नेतो तिला."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. एवढ्या गावात त्या घटकेला तोच एक शहाणा होता.

मी पुढे बसलो. मागे साळूबाई, म्हणजे सारजाबाईची जाऊ, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पौडला डॉक्टर भेटले, पण सापावरचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं. "पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, जेवढं लवकर नेता येईल तेवढं," एवढंच ते म्हणाले. कासार आंबोली मागे पडली, पिरंगुट मागे पडलं. सारजाबाई बोलत होती, पण तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

घाट लागला. चढ निम्मा झाला. आणि कुशाबाने उंबराखाली गाडी उभी केली.

त्याने बॉनेट उघडलं, पाणी घातलं आणि गाडीला पाठ टेकून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो हलला नाही. हे वाचून कुणी त्याला वेडा म्हणेल, म्हणून सांगतो. बारा वर्षांत त्याने या घाटात कितीतरी गाड्या वाफ सोडत उभ्या राहिलेल्या पाहिल्या होत्या. आपली राहिली नाही ती या थांबण्यामुळेच, अशी त्याची खात्री होती. आज ती इथे बंद पडली तर सारजा गेली, हाच हिशेब त्याच्या डोक्यात होता.

मागून एक जीप आली, जंगलातल्या कुणा ठेकेदाराची. जीपवाल्याने वाकून पाहिलं आणि थांबला.

"बाईला काय झालं? माझ्याकडं द्या, अर्ध्या तासात पोचवतो."

कुशाबाने जीपकडे पाहिलं. एक दार दोरीने बांधलेलं होतं.

"ही वाटंत न्हाई मरत," तो म्हणाला. "तुमची मेली तर मी काय करू?"

"गार हूं द्या तिला," मागून सारजाबाई म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले. जीपवाला थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं. दर शनिवारी ओरडणारा मी, त्या दिवशी एक अक्षर बोललो नाही. मलाही त्या गाडीचा भरवसा होता. जीपचा नव्हता. वीस मिनिटं भरली तसं कुशाबाने बॉनेट लावलं आणि आम्ही निघालो.

गाडी नेहमीसारखी पोचली. कुठे अडली नाही, कुठे खोकली नाही. दवाखान्याच्या दारात सारजाबाईला उतरवलं तेव्हा साळूबाईच्या मांडीवर तिचा श्वास नुकताच थांबला होता. डॉक्टरांनी बरीच खटपट केली. मग बाहेर येऊन ते म्हणाले, "पंधरा मिनिटं आधी आणायला हवं होतं." बोलायचं म्हणून ते बोलले असतील. कुशाबाने ऐकलं आणि मीही ऐकलं.

त्याच गाडीतून तिला परत आणलं. येताना घाट उताराचा होता, थांबावं लागलं नाही.

दहाव्याला लोक म्हणत होते, गाडीनं आपलं काम केलं, आयुष्यच तेवढं होतं. मीसुद्धा म्हणालो, "गाडीनं दगा दिला नाही, कुशाबा." तो मान हलवायचा. त्यानंतर गाडी छपराखालीच राहिली. मी शनिवारी पौडला चालत जायला लागलो.

चैत्रात एका भर दुपारी तो शाळेच्या दारात आला. "चला गुरुजी, पुन्याला जाऊन येऊ," एवढंच म्हणाला. मला जायचं नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून मी बसलो. मागच्या सीटवर हिरवी खोळ तशीच होती. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. त्याने गाडी चाळिसाने हाकली. तिला तसं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घाट लागला. चढ निम्मा झाला. उंबर आला आणि मागे गेला. मी सीटची कड घट्ट धरली. आता वाफ निघेल, आता बंद पडेल, म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मनातून म्हणत होतो, बंद पड. देवा, हिला आत्ता बंद पाड.

ती माथ्यावर पोचली. कुशाबाने तिथे गाडी उभी केली, उतरून बॉनेट उघडलं आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर तळहात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. मीही जाऊन हात ठेवून पाहिला. झाकण गरम होतं, पण चटका बसेल इतकं नव्हतं.

"साहेबाला च्या प्यायचा असायचा, गुरुजी," तो म्हणाला. "गाडीला कायबी लागत नव्हतं."