विहीर आटलेल्यांची यादी

अक्का गुरुवारी गेली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा सोलापूरला जाऊन तो शिकून आलेली तीच होती. मी तिथंच कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून. ऊसतोडीचा क्रम आम्ही हातानं लावायचो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं नाव वर सरकायचं.

अक्काची रीत वेगळी. एका नावाचं काय करायचं ते एकदाच लिहायचं: लागणीची तारीख घ्यायची, उसाच्या जातीप्रमाणे महिने मिळवायचे, तोडीची तारीख काढायची. मग पहिल्या सभासदापासून शेवटच्यापर्यंत मशीन तेवढंच करत जायचं. जुनी यादी तशीच राहायची, शेजारी नवी तयार व्हायची.

एका वर्षी पाऊस झाला नाही. मुरुम गावाजवळच्या आमच्या शेतातली विहीर आटली, ऊस वाळायला लागला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात येऊन अक्काच्या टेबलापाशी उभे राहिले.

"आपलं नाव जरा वर घे, बाई."

"एकट्याचं नाही घेता येत, आण्णा. तुमच्यापुरतं वेगळं लिहिलं तर ही यादी कशाला?"

दारातला शिपाई हसला. "का हो ताई, मशीनला बाप कळत न्हाय व्हय?"

अक्का हसली नाही. तिनं आण्णांना विचारलं, "विहीर आटलेले अजून कितीजण असतील?"

"लई हायत."

आम्ही गावोगाव जाऊन विहिरी पाहिल्या. आटलेल्या विहिरीची खूण तिनं नावांपुढं भरली आणि नियमात एक ओळ घातली: विहीर आटली असेल तर तोड महिनाभर आधी. यादी पुन्हा निघाली. आण्णांचं नाव वर आलं, पण तशी पुष्कळ नावं वर आली, आणि त्यातली बरीच त्यांच्या आधी होती. आमची पाळी येईस्तोवर बांधाकडचा ऊस वाळून गेला.

फळ्यावर लावलेल्या यादीपुढं गर्दी होती. एकानं आण्णांना डिवचलं, "पोरगी आत असून तुमचा ऊस वाळला?"

"ती आत हाय म्हणून तुमचा वाचला," आण्णा म्हणाले. "तिनं मलाबी यादीतला एक धरलं."

हे ते पुढं ज्याला त्याला सांगत राहिले.

त्या यादीची एक प्रत अक्काच्या पेटीत सापडली. शाई फिकी झाली आहे, आण्णांचं नाव वाचता येतं. ती आता माझ्याकडे आहे.