थाळीतला कप

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. कुणी विचारलं तर प्लाझ्माने भाजली असं मी सांगत नाही. आमच्या इन्चार्जने भाजली असं सांगतो, आणि तेच खरं आहे.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरहून लखनौला, चिनहटच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनायच्या तिथे. प्लाझ्मा कटिंगचं, म्हणजे विजेच्या ज्वाळेने पत्रा कापायचं, नवं मशीन आलं आणि त्याचं शिक्षण घेतलेला माणूस म्हणून ते माझ्या ताब्यात आलं. मी त्याचे लाड करायचो. पावसाळ्यात हवेच्या नळीत पाणी साठतं, ते रोज सकाळी सोडून द्यायचो. अर्थिंगचा चिमटा गंजावर किंवा रंगावर कधी लावला नाही. अंगात सुती कपडे, डोळ्यांवर काळी काच, आणि टॉर्चला, म्हणजे हातात धरून कापायच्या दांडीला, हात लावण्याआधी मेन स्विच पाडून बंद केलेला. लोक हसायचे. हसू देत, म्हणायचो.

टॉर्चच्या तोंडाशी तांब्याचं नोझल असतं आणि ते धरून ठेवणारा, आट्यांवर फिरवून बसवायचा कप असतो. कप नीट बसला नसेल तर मशीन पेटूच नये म्हणून टॉर्चमध्ये एक बारीक स्विच दिलेला होता. धूळ बसली की हा स्विच उगाच अडून बसायचा. मेन पाडा, कप काढा, पुसा, परत बसवा, झालं. पण इन्चार्जला एवढाही धीर नव्हता. मी सुटीवर गेलो असताना त्याने मशीनचं मागचं झाकण उघडलं आणि टॉर्चमधल्या त्या स्विचकडून आत येणारी दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून टाकली. आता कप कसाही बसो, मशीन पेटणार.

परत आल्यावर मी नोझल बदललं. मेन पाडूनच बदललं. कप आट्यांवर तिरपा बसला. ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तर तो स्विच असतो. मेन चालू करून खटका दाबला आणि ज्वाळा पुढे जायच्या ऐवजी कपातून बाजूला फुटली. चामड्याचा हातमोजा बोटांना चिकटला.

मी इस्पितळात असताना इन्चार्जने सगळ्यांसमोर झाकण उघडलं, स्वतःचीच तार स्वतः काढली आणि हळहळत म्हणाला, "देखिए, हमारे मराठा जी ने जल्दी के चक्कर में क्या कर रखा था!" महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण तिकडे मराठाच. मग केळी घेऊन मला भेटायला आला. त्याची भाषा अशी गोड की शिवीसुद्धा अदबीने द्यायचा. मी तोंड फिरवलं तर म्हणतो, "आप तो बुरा मान गए." त्या क्षणी मी त्याच्यावर जो डूख धरला, तो आजही सोडलेला नाही आणि सोडायची इच्छाही नाही.

मी अजून प्रोबेशनवर होतो. जनरल मॅनेजरने सांगितलं, विश्वकर्मा पूजा होऊ द्या, मग तुम्हाला ठेवायचं की नाही ते बघू. विकास नगरमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीत बायको माझ्या हाताला मलम लावायची आणि म्हणायची, "जाऊ द्या नं. नोकरी टिकली म्हणजे झालं. काहून त्याच्या नादी लागता?" मी हो म्हणायचो. मनात मात्र त्याला कारखान्याच्या मधोमध उभं करून रोज सोलायचो.

पूजेच्या सकाळी मशीन साफ करायला मलाच बोलावलं. मला कापायची बंदी होती, पण उघडून पुसायचं कसं ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. मेन पाडला, मागचं झाकण काढलं, आणि बघतो तर नवी तार! माझी बोटं अजून बँडेजमध्ये आणि या माणसाने परत तोच उद्योग केला होता.

खोटं कशाला बोलू, तार तिथेच राहू द्यावी असं मनात आलं. आमच्याकडे पूजेनंतर पहिला काप इन्चार्जच्या हातचा असायचा. त्या दिवशी तो हातमोजा घालत नसे, देवाच्या कामाला चामडं कसं लावायचं म्हणून. माझं जे झालं ते त्याचंही होऊ दे, असं मला अगदी मनापासून वाटलं. पण हात भाजला असता तर त्याचाही ठपका माझ्यावरच आला असता आणि तो बिचारा ठरला असता. मला त्याचा हात नको होता. मला सगळ्यांसमोर त्याचं तोंड उघडवायचं होतं. तार काढून मी खिशात टाकली.

नोझल आणि कप पूजेच्या थाळीत ठेवायची तिथली रीत होती. मी कप बसवायला पुढे झालो तर इन्चार्ज हसून म्हणाला, "आप रहने दीजिए, पूजा का सामान है." आम्ही बौद्ध, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मी मागे सरलो. त्याने कपाला तुपात कालवलेला शेंदूर फासला, अक्षता टाकल्या, लाल धागा गुंडाळला आणि तसाच टॉर्चवर फिरवला. आट्यांत तांदूळ अडकले. कप अर्ध्यावर थांबला, आणि तो बसला असं त्याने ठरवून टाकलं.

जनरल मॅनेजर हातात बुंदीचा द्रोण घेऊन उभे होते. सगळा कारखाना गोळा झालेला. मेन चालू झाला. इन्चार्जने जयजयकार करून खटका दाबला. काही नाही. परत दाबला, परत काही नाही. मागून कुणीतरी खुसखुसलं. त्याचे कान लाल झाले, मशीनमागे धावला, झाकण ओढून काढलं, आत वाकून पाहिलं आणि ओरडला, "अरे, हमारा तार किसने निकाला?"

बोलल्यावर त्याला कळलं. पण बोलून झालं होतं.

"कौन-सा तार?" जनरल मॅनेजरांनी विचारलं.

मी खिशातून तार काढली आणि बँडेज बांधलेल्या हातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. "ये वाला, सर. पहला वाला तो इन्होंने ख़ुद निकाला था." इन्चार्ज गडबडीने झाकण परत लावायला लागला. मला इतका आनंद झाला की बोटांची ठणक विसरलो.

मी कायम झालो. त्याला चार शब्द ऐकवले गेले, एवढंच. खुर्ची त्याचीच राहिली. म्हणून मी ती तार मशीनच्या बाजूच्या खिळ्याला टांगली. तो समोरून गेला की अदबीने म्हणायचो, "सर, तार यहीं है." ती काढ म्हणायची त्याची कधी हिंमत झाली नाही.

काही वर्षांनी तो रिटायर झाला. हार, भाषणं, फोटोवाला. यांच्यासारखा सज्जन माणूस नाही, असं जो तो सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी हस्तांदोलन केलं आणि ती तार त्याच्या तळहातात ठेवली. त्याने खाली पाहिलं. लोक बघत होते, म्हणून त्याने मूठ घट्ट मिटली. त्या फोटोत तो गळाभर हार घालून हसतो आहे, आणि त्याची मूठ तशीच मिटलेली आहे.