रिकाम्या चॅनेलवरचे मामंजी

माझ्या सासऱ्यांची सुट्टी रोज संपायची. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण डोक्यातलं एकेक पुसट होत गेलं आणि मागं फक्त पलटण उरली. सकाळी दाढी करायचे, काळी ट्रंक उचलायचे आणि इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन उभे राहायचे. सांगलीची गाडी धरायची, पुढं मिरजेला रेल्वे. एकदा साताऱ्याच्या गाडीत बसले आणि उंब्रजला उतरले. तिथल्या एका हॉटेलवाल्यानं चहा पाजून बसवून ठेवलं म्हणून सापडले.

मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवराही फौजेतच, वरती बर्फात. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात मी आणि मामंजी. पोरांना पाढे म्हणायला लावून मी स्टँडकडं पळायची. मुख्याध्यापिका नुसत्या घड्याळाकडं बघायच्या. एकदा घराला बाहेरून कडी लावून बघितली. दुपारी आले तर दार बडवून बडवून त्यांचे हात सुजलेले. ती कडी मी परत लावली नाही.

त्या वर्षांत घरोघरी केबल आलेली. आमचा केबलवाला लग्नाचं शूटिंगही करायचा आणि त्याचं दुकान शाळेसमोरच होतं. माझी पळापळ तो रोज बघायचा. एक दिवस म्हणाला, "वैनी, माझा एक जुना क्यामेरा हाय. क्यासेट घेत न्हाई, पर चित्तर झ्याक दाखवतोय. तुमच्या सोप्यात टांगतो आन् वायर दुकानात आणतो. मदल्या सुट्टीत या, टीव्हीवर सासरं बघा आन् जावा."

सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, तुळईला कॅमेरा लागला. मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून मी दुकानात जायची. तिथं टीव्हीवर आमची खुर्ची, खुर्चीत मामंजी, पायाशी ट्रंक. पहिल्या दिवशी मला एवढं हलकं वाटलं, की कित्येक महिन्यांनी मी डबा बसून खाल्ला.

आठवडाभरात समोरची काकू नळावर म्हणाली, "आज आण्णांनी आमटीला हात लावला न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

"आवं, टीव्हीवर दिसलं की."

मी तशीच केबलवाल्याकडं गेले. त्याला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. "एक च्यानेल रिकामंच पडलं हुतं. म्हटलं, सगळी गल्ली बघंल, तुमी निवांत शिकवा."

खोटं कशाला बोलू, उपयोग झाला. मामंजींनी ट्रंक उचलली की दोन-तीन घरांतून बायका बाहेर यायच्या. "आण्णा, गाडी लेट हाय, बसा," म्हणायच्या, आणि गाडी लेट आहे हे फौजीला लगेच पटायचं. स्टँडवरची पळापळ संपली.

पण आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले. मामंजींबरोबर मीही दिसायला लागले ना. त्यांना भरवताना, त्यांचं धोतर बदलताना, त्यांच्या हातातनं ट्रंक ओढून घेताना. आवाज जायचा नाही, पण माझं तोंड जायचं. "बाई, म्हाताऱ्या माणसावर आसं वराडू न्हाई," हे मला भाजीवालीनं ऐकवलं. मग नवऱ्याचा फोन आला. दहा मिनिटं रांगेत उभा राहून फोन लावला म्हणे, आणि विचारलं काय? "समोरची काकू म्हणत हुती, तू आण्णांना चा उशिरा देतीस. खरं हाय का?" मी फोन ठेवून दिला.

तेव्हापासून सोप्यात जाताना मी केस सारखे करायची, पदर नीट घ्यायची, चेहरा हसरा ठेवायची. आत आले की ओट्याला टेकून उभी राहायची. दमायला मला स्वयंपाकघराएवढीच जागा उरली होती. शेवटी केबलवाल्याला सांगितलं, रविवारी संध्याकाळी येऊन तो कॅमेरा काढून ने. कॅमेरा गेला की नोकरी सोडावी लागणार हे दिसत होतं, कारण स्टँडवरची पळापळ आता मला झेपणार नव्हती. तरीही सांगितलं.

त्या रविवारी दुपारी मी मधल्या खोलीत टीव्ही लावून तांदूळ निवडत होते. आपण लोकांना कसे दिसतो ते शेवटचं बघावं म्हणून तेच चॅनेल लावलेलं. उघड्या दारातून सोप्यातल्या मामंजींनाही टीव्ही दिसत होता. ते बराच वेळ टक लावून बघत बसले.

"त्यो कोण गं?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"त्यो म्हातारा. कवाधरनं एकलाच बसलाय. घरात कुणी न्हाई व्हय त्याला?"

"आहे की. सून आहे."

"मग चा तरी द्यावा."

मी उठले. चहा केला आणि कप घेऊन सोप्यात गेले. केस सारखे केले नाहीत, चेहराही हसरा केला नाही, तेवढं त्राणच नव्हतं. त्यांच्या हातात कप दिला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. आत टीव्हीवर एक बाई येऊन त्या म्हाताऱ्याशेजारी बसली.

"आली बघ त्याची सून," मामंजी समाधानानं म्हणाले. मग मान पुढं काढून पुन्हा निरखून बघायला लागले.

"लय दमलीया गं. तिचं कोण करतंय का न्हाई?"

गल्लीनं इतके दिवस आमच्या घरातलं सगळं बघितलं होतं. आमटी, धोतर, चहाची वेळ. एवढंच कुणाला दिसलं नव्हतं.

मामंजींनी न पिताच कप माझ्यापुढं धरला. नजर टीव्हीवरच होती.

"ह्यो नेऊन दे तिला," म्हणाले. "म्हाताऱ्याचं काय, त्यो थांबंल."

मी कप घेतला आणि तिथंच, सगळ्या गल्लीसमोर, रडत रडत तो चहा प्यायले. दिसत असेल तर दिसू दे म्हटलं.

संध्याकाळी केबलवाला पक्कड घेऊन आला. त्याला मी म्हटलं, कॅमेरा राहू दे. फक्त टीव्ही जरा दाराजवळ सरकवून दे, मामंजींना खुर्चीतनं नीट दिसेल असा.