डक्टकडची खिडकी

रोज सकाळी घराबाहेर पडण्याआधी धाकू मांडवकर हिंगाची डबी उघडायचा, डोळे मिटून एकदा हुंगायचा आणि झाकण लावून टाकायचा. बायको सुगंधा सुरुवातीला हसायची, मग तिनंच डबी ओट्यावरून उचलून दाराजवळच्या फळीवर ठेवली. गॅसचे गिझर दुरुस्त करणाऱ्या माणसाला नाक पान्ह्याइतकंच लागतं. ज्या दिवशी सर्दीमुळे हिंग कळत नसे, त्या दिवशी धाकू गॅसच्या नळीला हात लावत नसे.

पण हेच नाक त्याच्या जिवावर उठलं होतं. खारी गावातल्या आपल्या खोलीतून निघून तो मीरा रोडच्या नव्या इमारतींमध्ये दिवसाला सहा-सात बाथरूम पाहायचा. हॉलमध्ये शोकेस, शोकेसमध्ये काचेचे हंस. आणि आत बादलीला बुळबुळीत थर, जाळीत केसांचे पुंजके, खुंटीवर लोंबणारं सगळं. पाहुणा आला की जे घाईघाईनं उचललं जातं, ते मिस्त्रीसमोर तसंच राहायचं. दुपारी डबा उघडला की त्याला पोळीलाही ओल्या पायपुसण्याचा वास यायचा. गावाला, मंडणगडाकडे, त्याच्या आईनं गोठासुद्धा याहून स्वच्छ ठेवला होता. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. फक्त त्याच्या वरच्या ओठाची कड किंचित वर चढलेली असायची आणि ती उतरायला रात्र व्हायची.

दोन हजार सातच्या त्या हिवाळ्यात आकडे दाखवणारे गिझर घरोघरी आले होते. बिघाड झाला की यंत्र आपोआप बंद पडायचं आणि काचेवर लाल रंगात ‘ई’ आणि पुढे एक आकडा उमटायचा. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे. धाकूनं ते सगळे एका जुन्या डायरीत उतरवून घेतले होते. कुठे ई-एक म्हणजे ज्योत पेटली नाही, कुठे सेल उतरले. लोकांना मात्र तो आकडा म्हणजेच बिघाड वाटायचा. आकडा गेला की झालं.

नीलिमा राजवाडेंच्या गिझरवर महिन्यात तिसऱ्यांदा ई-पाच आला. गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून राजवाडे इथे तिसऱ्या मजल्यावर आले, तेव्हा हा गिझर धाकूनंच बसवला होता. बाहेर बसवायला जागा नव्हती, म्हणून बाथरूममध्ये; पण खिडकी दोन वीत रुंद आहे हे बघून. पहिल्या खेपेला त्यानं सेल बदलले, दुसऱ्या खेपेला बर्नर साफ केला. या खेपेला डायरी उघडली. ई-पाच: हवा अपुरी. त्यानं मान वर केली. खिडकीच्या काचांवर आतून पांढरा थर्माकोल बसवलेला होता, कडेनं खाकी चिकटपट्टी, एवढी नीट, की आधी दोनदा त्याला ती भिंतच वाटली होती. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

नीलिमाताईंनी कारण सांगितलं. खिडकीच्या पलीकडे डक्ट, म्हणजे चार भिंतींमधली ती उभी पोकळी, सगळ्यांचे पाइप जिथून उतरतात. वरचे लोक त्यात काय वाटेल ते टाकतात. वास, डास, कबुतरं. मुलीनं, इशितानं, आंघोळच करायची नाही म्हटलं, तेव्हा बंद करून घेतली. धाकूनं सुरीनं चिकटपट्टीची एक कड सोडवली आणि वास हातानं ढकलावा तसा आत आला. त्यानं खाली पाहिलं. तळमजल्याच्या निम्म्यापर्यंत थर साचला होता. माशांची खवलं, कागदात गुंडाळलेल्या नको त्या पुड्या, फुगलेलं मेलेलं कबूतर आणि या सगळ्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये गाठ मारलेलं निर्माल्य. निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकवत नाही, खाडीवर जायला वेळ नसतो, म्हणून तेही इथेच.

“लोकांना काही म्हणजे काही वाटत नाही हो,” नीलिमाताई मागून म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांनी धाकूनं सोडवलेली चिकटपट्टी चुरगळली आणि त्याच फटीतून बाहेर टाकली.

धाकूनं ती खाली जाताना पाहिली. मग शांतपणे समजावलं. गिझरची ज्योत खोलीतलीच हवा खाते. हवा कमी पडली की जो धूर होतो त्याला ना रंग ना वास; माणूस आंघोळ करता करता झोपतो. ई-पाच म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही, यंत्र तुम्हाला सांगतंय. खिडकी उघडी ठेवा. नीलिमाताईंचा चेहरा आवळला. त्या म्हणाल्या की त्या जितेशनं, पूर्वी तुमच्याच हाताखाली होता ना, शेजारच्यांचा असाच आकडा दोन मिनिटांत घालवला.

“सेन्सरची वायर तोडून दोन टोकं पिळली असतील त्यानं. मग आकडा येत नाय. बाकी सगळं येतं.”

“तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मांडवकर.”

तो पिशवी उचलून निघाला.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाजात राग नव्हता. तुमचा स्क्रूड्रायव्हर इथे राहिलाय, केव्हाही घेऊन जा. आणि आकडा गेला हो, जितेशनं करून दिलं. मग जाता जाता म्हणाल्या, की आज त्या घरीच आहेत, इशिता शाळेत गेली नाही. दोन दिवस आंघोळीहून आली की डोकं धरते, आज उलटीही झाली. पित्त असेल.

धाकू दुसऱ्या घरी बर्नर उघडून बसला होता. तो तसाच टाकून तो उठला. राजवाड्यांच्या दारात चप्पल काढायची राहिली. त्यानं गॅसचा कॉक बंद केला, यंत्रातून सेल काढून स्वतःच्या खिशात घातले, थर्माकोल दोन्ही हातांनी फाडला. पडद्याआडच्या खाटेवर बारा वर्षांची इशिता भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला त्यानं गच्चीवर मोकळ्या हवेत बसवायला सांगितलं आणि मग डॉक्टरांकडे. डॉक्टरांनीही तेच विचारलं, बाथरूमला खिडकी आहे का. संध्याकाळी नीलिमाताई एवढंच म्हणाल्या, की या वासात खिडकी उघडी कोण ठेवील, आज ठेवू, उद्या ठेवू, परवा पुन्हा कुणीतरी बंद करील. ते खरं होतं.

धाकू सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्रभाई यांच्याकडे गेला. ते झोपाळ्यावर बसून बडीशेप चघळत होते. “मीटिंग में रखेंगे, मिस्त्री,” ते म्हणाले. मीटिंग मार्चमध्ये. शिवाय झाडूवाल्यानं डक्टमध्ये उतरायला साफ नकार दिलाय, आणि माणसानं उतरावं अशी ती जागा पण नाही, असं त्यांनीच वर सांगितलं.

रविवारी सकाळी धाकू उतरला. तळमजल्यावरचं लोखंडी दार पहारीनं उघडून, तोंडाला ओला रुमाल बांधून, पायात कुणाचे तरी गमबूट. फावड्याच्या पहिल्या घावालाच खालचा काळा थर फुटला आणि त्याला भिंत धरून ओकावं लागलं. मग पोटात काही उरलं नाही, तेव्हा सोपं झालं. वरून खिडक्या उघडल्या. नाकाला पदर लावून बायका बघत होत्या. कुणी म्हणालं, बघा किती घाण निघतेय, जणू ती घाण धाकूच घेऊन आला होता. चौथ्या मजल्यावरून चहाचा चोथा त्याच्या खांद्यावर पडला. वरून आवाज आला, अरे कोई है क्या नीचे. त्यानं खांदा झटकला आणि पुढचं फावडं भरलं. कबुतराची पिल्लं, निर्माल्याचा चिखल, केसांचे दोर. दुपारपर्यंत त्यानं एकेचाळीस गोण्या दाराबाहेर लावल्या, चुना मारला, आणि नळाखाली कितीतरी वेळ उभा राहिला. किती पाणी ओतलं तरी त्याला स्वतःचा वास येतच होता.

मग तो वर गेला. पिळलेली टोकं सोडवून वायर होती तशी जोडली, सेल घातले, कॉक उघडला. ज्योत निळी पेटली. काचेवर पाण्याच्या तापमानाचा आकडा चढत गेला, चाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस. ‘ई’ उमटला नाही. त्यानं दहा मिनिटं तिथेच उभं राहून पाहिलं. उघड्या खिडकीतून चुन्याचा वास येत होता. नीलिमाताईंनी चहा पुढे केला. त्यानं कपाकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याला काही गिळवणार नव्हतं.

त्याच महिन्यात धाकूनं गॅसची कामं सोडली आणि वरसाव्याला, हायवेच्या कडेच्या एका रोपवाटिकेत, कुंड्या भरायच्या कामावर लागला. राजवाड्यांच्या घरी तो पुन्हा गेला नाही.

त्या दुपारी मात्र तो अजून बाथरूमच्या दारातच होता. इशिता टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. तेवढ्यात खिडकीच्या पलीकडून काहीतरी सरसरत खाली गेलं आणि धप्प आवाज आला. वरच्या कुणीतरी पहिली पिशवी टाकली होती. नीलिमाताईंचा हात आपसूक खिडकीच्या कडीकडे गेला. धाकू मधे उभा राहिला. त्याच्या ओठाची कड वर चढली होती, आवाज मात्र नेहमीचा होता.

“राहू दे उघडी, ताई. आधी पोरीला आंघोळ करू दे, पाणी तापलंय.”