उलटा बसलेला क्राऊन

माझ्या वडिलांच्या, आबांच्या गॅरेजात माझ्याकडे दोनच कामं होती, बिलं लिहायची आणि चहा सांगायचा. पान्याला हात लावला रे लावला की आबा खेकसायचे, "ठेव ते खाली! बोट जाईल." मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी बिलं लिहीत होते. माझं डोकं सारखं तापलेलं असायचं.

शाहूपुरीतलं आमचं गॅरेज ट्रकच्या डिफरन्शियलसाठी ओळखलं जायचं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांचं भांडण मिटवणारी दातेरी चाकांची ती पेटी. तिच्यातलं सगळ्यात मोठं चाक म्हणजे क्राऊन.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मामेभावानं दुबईहून रिमोटचा ट्रक आणला. हातभर लांब, पण पुढं-मागं दोन्हीकडे खराखुरा डिफरन्शियल. गल्लीतल्या गटाराच्या कठड्यावर आपटून पुढच्याचे प्लास्टिकचे दाते झडले, तेव्हा त्यानं पोलादी सेट पाठवून दिला. मी तो घेऊन आबांसमोर उभी राहिले.

"आबा, हे मी बसवतो. चालला तर मोठ्या ट्रकला हात लावू देणार?" कोल्हापूरच्या पोरी आम्ही, ‘बसवते’ आमच्या तोंडी येत नाही.

आबांनी वर बघितलं. "दसऱ्याला चालवून दाव. सगळ्यांच्या म्होरं. न्हाय चालला तर परत हा इषय काढायचा न्हाय."

खंडेनवमीला दुपारपर्यंत मी क्राऊन बसवला, पातळ वॉशर घालून दात्यांमधला प्ले जुळवला. प्ले म्हणजे दात्यांना श्वास घ्यायला ठेवलेली फट. हातानं चाकं फिरवली, लोण्यासारखी फिरली. बॅटरी अजून चार्जिंगला होती. तेवढ्यात आबांनी हाक मारली, हत्यारं पूजेला बसवायची होती. त्यांच्या पान्यांच्या रांगेत शेवटी मी माझी बारकी ॲलन की, षटकोनी खाचेचे स्क्रू उघडायची, ठेवली. आबांनी हळद-कुंकू वाहताना तिलाही वाहिलं. मला केवढा अभिमान वाटला!

मग बॅटरी लावून ट्रक फरशीवर ठेवला आणि रिमोट दाबला. ट्रक जागच्या जागी थरथरला, गुरगुरला. मागची चाकं पुढं ढकलत होती, पुढची मागं. मी झटकन बोट काढलं. आणखी दाबलं असतं तर मागचे प्लास्टिकचे दातेही गेले असते. क्राऊन उलट्या अंगाला बसला होता.

उघडायला पाच मिनिटं पुरली असती. पण त्या स्क्रूला चालणारं एकच हत्यार होतं, आणि ते झेंडूखाली बसलं होतं. पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. आबा बाहेर तोरण बांधत होते. गॅरेजात मी एकटी. हात पुढं केला. बोटाला फूल लागलं.

देवाची भीती होती असं नाही. पण ती ॲलन की मीच तिथं बसवली होती, त्यांच्या पान्यांशेजारी. ती चोरून उचलायची म्हणजे मी या रांगेतली नाही, हे मीच म्हटल्यासारखं झालं असतं. हात मागं घेतला. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सगळे हसणार आणि मी पुन्हा बिलं लिहिणार, एवढंच डोक्यात होतं.

सकाळी पूजा उतरवली. हेडमिस्त्री मिशीत हसत म्हणाले, "चालीव की, पावणं खोळंबल्यात!" गॅरेजातली सगळी माणसं गोल करून उभी होती.

मी ट्रक फरशीवर ठेवला. "चालणार न्हाय. क्राऊन उलटा बसलाय. मीच बसवलो."

हशा पिकला. "आता येक गेर म्होरं, बाकी समदे रिव्हर्स!" कुणीतरी ओरडलं. उलट्या क्राऊनवर मोठा ट्रक असाच चालतो.

आबा हसले नाहीत. "कवा कळलं?"

"काल. पूजा झाल्यावर."

"मग सरळ का केलं न्हाईस? कुणाला कळणार हुतं?"

"ॲलन की पूजेत होती."

त्यांनी रांगेतली की उचलून माझ्यासमोर धरली. रागावलेत की काय, काही कळेना. मग म्हणाले, "उघड. हितंच."

मी फरशीवर बसले. घाईत एक स्क्रू सुटून टायरखाली गेला. हसणारे आता वाकून बघत होते, ते जास्त जड जात होतं. क्राऊन काढला, फिरवून बसवला. आबा वाकले, नखानं क्राऊन हलवून पाहिला.

"प्ले?"

"हाय."

"पेटी बंद कर."

रिमोट दाबला. ट्रक सरळ गॅरेजचा उंबरा चढून रस्त्यावर गेला, वळला आणि परत आला. हेडमिस्त्रींनी शिट्टी मारली. मला रडू आलं, लपवता आलं नाही.

आबांनी पूजेच्या रांगेतला मोठा पाना उचलला. गडमुडशिंगीचा उसाचा ट्रक दोन दिवसांपासून जॅकवर उभा होता, त्याच्याकडे मान वळवली आणि पाना माझ्या हातात दिला.

"त्येचा डिफ्रन्सल उघड. काय चुकलं तर असंच सगळ्यांच्या म्होरं सांग."

पान्याला कालची हळद तशीच होती.